ब्रेक नसलेली गाडी

कील, जर्मनी

ती. आप्पा,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "ब्रेक नाही? मग गाडी थांबते कशी?" तेवढ्यात आईनं फोन घेतला आणि माझं उत्तर राहून गेलं. म्हणून हे पत्र.

मागच्या रविवारी मी ब्रोकश्टेटला स्पीडवेची, म्हणजे मातीच्या लंबगोल ट्रॅकवरची मोटरसायकलची शर्यत बघायला गेले होते. इथून हॅम्बुर्गकडे जाताना नॉयम्युन्स्टरच्या पुढं लागणारं छोटं गाव. कुंपणाजवळ पोचले आणि नाकात पहिल्यांदा काय शिरलं असेल, तर एरंडेल! आजी चमचा घेऊन आमच्या मागं लागायची, तोच वास, फक्त जळलेला. या गाड्या पेट्रोलवर चालत नाहीत, मिथेनॉलवर चालतात आणि इंजिनात एरंडेलाचं तेल घालायची जुनी रीत आहे. परक्या देशातल्या त्या गर्दीत मला आजीचं स्वयंपाकघर आठवलं. डोळे भरून आले.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. गाडी 500 सीसीची, एक सिलिंडर, एकच गिअर, वजन ऐंशी किलोच्या आसपास. ब्रेक पुढंही नाही, मागंही नाही, आणि तो मुद्दामच ठेवलेला नाही. चौघं एकमेकांना खेटून पळताना पुढच्यानं एकदम ब्रेक दाबला, तर मागचा जाणार कुठं? वळणावर मागचं चाक बाहेर सरकवायचं, हँडल उजवीकडं आणि गाडी मात्र डावीकडं. डाव्या बुटाला पोलादी तळ ठोकलेला असतो, तो मातीवरून घासत न्यायचा. वेग आवरतो तो त्या घसरण्यानंच. चार फेऱ्या, मिनिटभरात खेळ संपतो. मग एक्सलेटर सोडला की इंजिनच गाडीला ओढून धरतं. मनगटाला एक दोरी बांधलेली असते, स्वार पडला की ती सुटते आणि इंजिन बंद होतं.

पण खरं लिहायचं होतं ते एगॉन म्युलरबद्दल. हा माणूस आमच्या कीलचाच, जन्म 1948 चा. आमच्या तळमजल्यावरचे शेजारी तुमच्याच वयाचे आहेत. त्याचं नाव काढलं की ते चहा गार होईपर्यंत बोलतात.

जर्मनीत लाँगट्रॅकचं वेड फार. तिथला ट्रॅक हजार मीटरपर्यंत लांब असतो आणि सरळ पट्ट्यात गाड्या भन्नाट सुटतात. त्यात म्युलर तीनदा जगज्जेता झाला. स्पीडवेचा ट्रॅक मात्र तीन-चारशे मीटरचाच. तिथं इंग्रज, डॅनिश, न्यूझीलंडवाले, अमेरिकन यांचं राज्य होतं. जर्मन माणूस वैयक्तिक जगज्जेता कधी झालाच नव्हता.

4 सप्टेंबर 1983 ला अंतिम शर्यत नॉर्डनला होती, म्हणजे पार उत्तर समुद्राच्या काठाला. शेजारी तिथं हजर होते. सोळा स्वार, वीस शर्यती. प्रत्येकजण पाच वेळा उतरणार आणि बाकीच्या पंधराही जणांशी एकेकदा भिडणार. पहिल्याला 3 गुण, मग 2, मग 1, चौथ्याला शून्य. म्युलर पाच वेळा उतरला आणि पाचही वेळा पहिला आला. पंधरापैकी पंधरा! ऑस्ट्रेलियाचा बिली सँडर्स दुसरा, इंग्लंडचा मायकेल ली तिसरा. म्युलर तेव्हा 34 वर्षांचा होता. शेजारी सांगतात की शेवटच्या शर्यतीनंतर शेजारच्या अनोळखी माणसाला त्यांनी मिठी मारली होती, आणि हे सांगताना आजही त्यांचा आवाज कापतो.

आप्पा, मला त्याच्या आधीच्या तीन विजयांपेक्षा हा एक मोठा वाटतो. लांब ट्रॅकवर सुरुवात बिघडली तरी पुढं गाठायला जागा असते, इथं नसते. सुरुवातीच्या रेषेवर ताणलेल्या फिती वर उडाल्या की पहिल्या वळणाला कोण आधी पोचतो, यावरच बरंचसं ठरतं, आणि ते ठरतं क्लचवर. जास्त सोडला तर पुढचं चाक उचलतं, कमी सोडला तर बाकीचे तिघं गेले. ब्रोकश्टेटला मी सगळा वेळ त्यांच्या डाव्या हाताकडंच बघत होते. गॅरेजमागच्या चढावर तुम्ही मला येझदीवर हाफ क्लच शिकवलात, गाडी बोटभरही मागं सरकू द्यायची नाही म्हणून. दुपारभर तेच करून घेतलंत. तेव्हा मी रडले होते. आता त्या दुपारचं मोल कळतं.

आणि एक. तुमच्या येझदीचं मूळ घराणं म्हणजे जावा कंपनी, ती चेक देशातल्या दिविशोव गावात याच खेळाच्या गाड्या बनवायची. हे कळलं तेव्हा मी उठून खोलीत फेऱ्या मारल्या.

म्युलरनंतर हा मुकुट दुसऱ्या कुणा जर्मन स्वाराला मिळालेला नाही. 2014 मध्ये बव्हेरियाच्या मार्टिन स्मोलिन्स्कीनं ऑकलंडची ग्रां प्री जिंकली. ग्रां प्री जिंकणारा तो पहिला जर्मन. पण ती जगज्जेतेपदाच्या मालिकेतली एक फेरी होती. शेजारी अजून वाट बघतायत.

त्यांना तुमचा येझदीवर बसलेला फोटो मोबाईलवर दाखवला. कितीतरी वेळ बघत राहिले, मग बोट ठेवून टाकी, सायलेन्सर सगळं विचारलं. त्यांना तो भिंतीवर लावायचाय. दादाला सांगा, मूळ फोटोवरून मोठा करून पाठवायला. मागं तारीख तुमच्या हातानं लिहा.

आईच्या गुडघ्याचं कळवा. तिला आणि आत्याला नमस्कार, चिंगीला पापा.

तुमची,
मनू