रीसच्या विवराशेजारी राहणाऱ्या लेकीस

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

तुझी बदली जर्मनीतल्या डोनाउव्योर्टला झाली, तेव्हापासून मी डोनाउ-रीस जिल्ह्याचा नकाशा समोर घेऊन बसते. "नुसती शेतं आणि खेडी आहेत गं आई," असं तू फोनवर म्हणालीस, ते मला लागलं. माझं माहेर लोणार. तुला तरी त्या जमिनीची ओळख पटायला हवी!

तुझ्या गावाच्या वायव्येला रीस आहे. सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी किलोमीटरभर रुंदीची उल्का तिथे आदळली आणि जवळजवळ २४ किलोमीटर व्यासाचं विवर पडलं. आपलं लोणार दोन किलोमीटरचंही नाही, म्हणून काठावरून ते सगळं एका नजरेत मावतं. रीस मावत नाही. सपाट शेतांच्या पलीकडे झाडीने भरलेल्या टेकड्या दिसतात ना, तोच त्याचा काठ. आत लोणारसारखंच खारं, सोड्याचं तळं साचलं होतं. पुढे ते गाळाने भरलं आणि आज तिथे सुपीक शेती होते.

लोणारप्रमाणे रीसलाही लोक ज्वालामुखीच समजत. १९६० साली अमेरिकन भूशास्त्रज्ञ यूजीन शूमेकर तिथे आले आणि तिथल्या दगडात कोएसाइट सापडलं. हे खनिज तयार व्हायला इतका प्रचंड दाब लागतो की तो ज्वालामुखीच्या आवाक्यातला नाही. उल्केच्या तडाख्यातून जन्मलेल्या त्या दगडाला सुएव्हाइट म्हणतात. विवरातल्याच नॉर्डलिंगेनच्या गावकऱ्यांनी १४२७ पासून सेंट जॉर्जचं चर्च याच दगडात बांधलं. १९७० मध्ये अपोलो १४ चे अंतराळवीर चंद्रावर जाण्याआधी दगड ओळखायला शिकले, तेही इथेच.

इतिहासही तितकाच मोठा आहे. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला तुझं डोनाउव्योर्ट थेट पवित्र रोमन सम्राटाच्या छत्राखालचं स्वतंत्र शहर होतं. १६०६ साली तिथल्या प्रॉटेस्टंटांनी कॅथलिकांची मिरवणूक उधळली. सम्राटाने शहराला शिक्षा फर्मावली आणि १६०७ च्या अखेरीस बव्हेरियाच्या कॅथलिक ड्यूक माक्सिमिलियनने ते ताब्यात घेतलं. मग प्रॉटेस्टंट राजांनी एकजूट केली, पाठोपाठ कॅथलिकांनी केली आणि १६१८ मध्ये तीस वर्षांचं युद्ध पेटलं. १६३४ ला नॉर्डलिंगेनच्या वेशीबाहेर प्रॉटेस्टंटांच्या बाजूने लढणाऱ्या स्वीडिश फौजांचा दारुण पराभव झाला. फौजा येत-जात राहिल्या. धान्य गेलं, गुरं गेली ती खेड्यांतल्या शेतकऱ्यांची. मला या सगळ्यात त्यांचंच जास्त वाईट वाटतं. जिल्हा म्हणून डोनाउ-रीस मात्र १९७२ चाच, जुने तुकडे जोडून केलेला.

रविवारी रेल्वेने नॉर्डलिंगेनला जा. तिथली तटबंदी अखंड आहे, वरून चालत गावाला पूर्ण फेरी घालता येते. मग चर्चचा ९० मीटर उंच डानिएल मनोरा चढ. वरून विवराचा काठ चहूबाजूंना दिसेल. संग्रहालयात सुएव्हाइट नीट पाहा, त्यात काचेचे काळपट ठिपके असतात. त्यांचे जवळून फोटो काढून पाठव. पुढच्या महिन्यात नववीला खडक शिकवायचे आहेत, तेव्हा लोणारच्या दगडाशेजारी तेही मुलांना दाखवीन.

तुझी,
आई