कोकरांचे वजन : टेप कुठे चालेल, कुठे नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

शेळ्या-मेंढ्यांची खरेदी-विक्री नगावर न करता जिवंत वजनावर व्हावी, अशी मागणी पुणे जिल्ह्यात अधूनमधून होत असते आणि ती रास्तच आहे. मात्र काटा परवडत नसेल तर टेपने मोजून वजन काढा, असा सल्ला हल्ली तिला सर्रास जोडला जातो. त्याविषयी थोडे लिहावेसे वाटते.

टेपचे सूत्र सोपे आहे. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर घ्यायचा, खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी घ्यायची, दोन्ही सेंटिमीटरमध्ये. मग घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले १०,८३८ केले की वजन किलोत येते. इंच आणि पौंडांत हाच भाजक ३०० असतो. जनावराचे धड गोल नळकांड्यासारखे मानले की घेराच्या वर्गातून त्याची जाडी आणि लांबीतून उरलेला आकार कळतो, एवढेच यामागचे गणित. घेर ६२ आणि लांबी ५६ भरली, तर कोकरू सुमारे २० किलोचे. पण घेर वर्गात जात असल्याने त्यातली चूक दुपटीने अंगावर येते. त्याच कोकराचा घेर लोकरीमुळे ६४ भरला, तर वजन २१ किलोंच्या पुढे जाते. दख्खनी मेंढीच्या अंगावर लोकर असते; कातरणीआधी आणि कातरणीनंतर घेतलेली मापे म्हणूनच सारखी येत नाहीत. टेप लोकर दाबून, पण कातडी न आवळता धरावी लागते आणि जनावर मान सरळ ठेवून चारही पायांवर नीट उभे असावे लागते. वाघरीत, म्हणजे मेंढरांभोवती लावलेल्या जाळीच्या कुंपणात, दाटीने उभ्या असलेल्या कळपात हे किती जमते, ते धनगर बांधवांनाच विचारावे. त्यात सकाळी उपाशी पोटी आणि संध्याकाळी चरून आल्यावर खुद्द काट्यावरचे वजनही बदलते. शिवाय उंच, लांब पायांच्या माडग्याळ जातीच्या कोकराला आणि दख्खनीला एकच भाजक तंतोतंत लागू पडेल, असे धरून चालता येत नाही.

म्हणून चाकण किंवा यवतच्या बाजारात सौदा ठरवताना टेपवर भिस्त ठेवू नये. किलो-दीड किलोचा फरक एका नगात किरकोळ वाटतो, पण वीस-पंचवीस नगांत तो मेंढपाळाच्या खिशाला लागतो. आणि टेप धरणारा हात बहुधा व्यापाऱ्याचा असतो. वजनावर विक्री करायची तर बाजार समितीने प्रमाणित काटाच ठेवला पाहिजे.

टेपची खरी गरज आहे ती जंताचे औषध पाजताना. मेंढरांच्या वाड्यावर सगळ्या कोकरांना नजरेच्या अंदाजाने एकच माप पाजले जाते. अल्बेंडाझोलचा डोस दर किलोला ७.५ मिलिग्रॅम धरला, तर २० किलोच्या कोकराला १५० मिलिग्रॅम, म्हणजे अडीच टक्क्यांच्या द्रावणाचे ६ मिलिलिटर लागते. त्याला १५ किलोचे समजून साडेचार मिलिलिटर पाजले, तर चिवट जंत जगतात, त्यांचीच पैदास वाढते आणि पुढे ते औषध लागू पडेनासे होते. लेव्हामिसोलसारख्या औषधात उलट चूक, म्हणजे जास्तीचा डोस, विषबाधेपर्यंत जाऊ शकते. येथे किलोभराची चूक चालून जाते, पाच किलोंची नाही, आणि तेवढे काम शिंप्याची टेप चोख करते. अगदी लहान, दूधपित्या कोकरांना मात्र तीही नको. गोणीत घालून स्प्रिंगच्या काट्याला अडकवले की काम होते.

राज्याच्या मेंढी व शेळी विकास महामंडळाचे मुख्यालय पुण्यातच आहे. ज्या प्रक्षेत्रांवर कळप आणि काटा दोन्ही आहेत, तेथे दख्खनी व माडग्याळ कोकरांचे घेर आणि वजन एकत्र नोंदवून जातवार, वयोगटवार साधा तक्ता महामंडळाने काढावा. मेंढपाळाला रानात वर्ग आणि भागाकार करत बसायला लावू नये. घेरासमोर किलो आणि किलोसमोर औषधाचे मिलिलिटर छापलेला एक जाड कागद प्रत्येक पशुवैद्यकीय दवाखान्यातून त्याला मिळावा.

आपला,
एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक, पुणे