सनांचा घोळ सोडवणाऱ्या ग्रंथालयातील ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन या शिक्षणसंस्थेच्या विद्यार्थ्यांनी १८४८ साली काढलेल्या स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटीचा इतिहास आता छापखान्यात जातोय. त्याआधी हे जाहीर आभार.

आमच्या मसुद्यावर तुम्ही केलेली चुकीची पहिली खूण पहिल्याच ओळीवर होती. ‘मुंबई विद्यापीठातील विद्यार्थी मंडळ’ असं आम्ही लिहिलं होतं. विद्यापीठ १८५७ चं. सोसायटी त्याहून नऊ वर्षांनी मोठी. ‘एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन’ हेच बरोबर. दुसरी खूणही तशीच. मराठी ज्ञानप्रसारक सभा, सोसायटीची मराठी शाखा, १८४८ ची. ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिक १८५० पासूनचं. सभा आणि मासिकाचं नाव जवळजवळ एकच, त्यामुळे आम्ही दोन्हींना एकाच साली जन्माला घातलं होतं!

सगळ्यांत उपयोगी पडला तो शकाचा हिशेब. शकात ७८ मिळवले की इसवी सन, हे सगळे घोकतात. पण शक चैत्रात बदलतो, इसवी सन पौषाच्या आसपास. म्हणून जानेवारीपासून चैत्र लागेपर्यंतच्या तिथींना ७९ मिळवायचे. शके १७७१ चा कार्तिक १८४९ मध्ये येतो, फाल्गुन मात्र १८५० मध्ये. सोसायटीच्या मुलींच्या शाळा ऑक्टोबर १८४९ मध्ये सुरू झाल्या, तिथे ७८ चालून गेलं. माघ-फाल्गुनातल्या नोंदी मात्र सरसकट वर्षभर मागे गेल्या होत्या. पौषाची नोंद असेल तर पंचांग काढल्याशिवाय सन लिहू नका, हेही तुम्हीच बजावलंत.

नावांचा घोळ वेगळाच. गिरगावच्या वाड्यात मुलींच्या शाळेला जागा देणारे जगन्नाथ शंकरशेट इंग्रजी छपाईत ‘जगोनाथजी संकरसेट’ होतात, भाऊ दाजी ‘भावू दाजी’ आणि दादाभाई नौरोजी ‘दादाभॉय’. आमच्या सूचीत एकाच माणसाच्या दोन-दोन नोंदी झाल्या होत्या. तुम्ही सांगितलेली रीत सोपी: प्रत्येक व्यक्तीला एक कार्ड, वर आजचं रूढ नाव, खाली कागदावर दिसलेलं प्रत्येक रूप, पुढे पानाचा आकडा. मूळ लेखन दुरुस्त करायचं नाही, फक्त जोडायचं.

कागदांबद्दल तुम्ही कडक होतात, ते बरंच झालं. सुती हातमोज्यांनी बोटांची जाण जाते आणि ठिसूळ पानाची कड फाटते. त्यापेक्षा धुऊन कोरडे केलेले हात बरे. चिकटपट्टी काही वर्षांत पिवळी पडते, तिचा डिंक कागदात उतरतो. फाटलं असेल तर पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ. लॅमिनेशनचं नावसुद्धा काढायचं नाही. बांधलेला खंड पूर्ण उघडून स्कॅनिंगच्या यंत्रावर दाबला तर पाठ तुटते. खाली उशी देऊन अर्धवट उघडायचा आणि वरून फोटो घ्यायचा. कोरी पानं आणि मलपृष्ठही सोडायचं नाही, कारण देणगीदारांच्या याद्या पुष्कळदा तिथेच सापडतात.

सूचीचं अंतिम मुद्रित सोबत पाठवतोय. ‘श’ आणि ‘स’ या दोन अक्षरांखालच्या नोंदी तेवढ्या पुन्हा डोळ्यांखालून घाला. संकरसेट अजून एका ठिकाणी सुटा राहिला असेल, अशी शंका आहे.

आपले,
इतिहास संपादन गट