डी नीरो-पचिनोला मोठ्या पडद्यावर बघू द्या

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

दिग्दर्शक मार्टिन स्कॉर्सेसीचा 'द आयरिशमन' हा गुंडपट येत्या २७ नोव्हेंबरला (२०१९) नेटफ्लिक्सवर येणार, ही बातमी आपल्या पुरवणीत वाचली. बातमी छोटी होती आणि त्यात कलाकारांची वयं तेवढी ठळक छापली होती. रॉबर्ट डी नीरो ७६, जो पेशी ७६, अल पचिनो ७९, हार्वी कायटेल ८०. खुद्द स्कॉर्सेसी याच महिन्यात ७७ पूर्ण करतोय. वयं बरोबर आहेत, पण ती ज्या सुरात दिली होती तो सूर मला खटकला. जणू काही ही मंडळी उतारवयात हौस म्हणून एकत्र जमली आहेत. मी गेले कित्येक महिने या सिनेमाची वाट बघतोय ती या वयांमुळेच. हा सिनेमा आपल्याकडेही थिएटरात लागावा, एवढ्यासाठी हे पत्र.

मी मस्जिद बंदरला एका ट्रान्सपोर्ट कंपनीत बुकिंग क्लार्क होतो. शनिवारी काम आटपलं की व्हीटी-चर्चगेटकडे पाय वळायचे. स्टर्लिंग, न्यू एम्पायर, एक्सेलसियर, इरॉस, रीगल, जिथे इंग्रजी सिनेमा असेल तिथे. 'गॉडफादर'चा दुसरा भाग तिथेच पाहिला. त्यात पचिनो मुलगा आणि डी नीरो त्याचा तरुणपणचा बाप, त्यामुळे दोघे एकाच सिनेमात असूनही समोरासमोर येतच नाहीत. तो सिनेमा १९७४ सालचा. दोघांना एका टेबलाशी बसलेलं बघायला १९९५ सालचा 'हीट' यावा लागला, आणि तिथेही त्यांचे एकत्र प्रसंग मोजकेच. आता हे दोघे स्कॉर्सेसीच्या हाताखाली आहेत. पचिनोने तर आजवर स्कॉर्सेसीकडे एकदाही काम केलेलं नव्हतं, हे मला अजून खरं वाटत नाही. डी नीरो आणि स्कॉर्सेसी यांचा हा नववा मोठा सिनेमा, पण तोही 'कसिनो'नंतर तब्बल २४ वर्षांनी.

सगळ्यात जास्त ओढ मला जो पेशीची आहे. या माणसाने सिनेमातून जवळजवळ अंगच काढून घेतलं होतं. नकारावर नकार देऊन शेवटी तो तयार झाला, असं वाचलं. 'गुडफेलाज'मधला त्याचा तो क्लबातला प्रसंग ज्यांनी पाहिला असेल त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. टेबलाभोवती मित्रांचं कोंडाळं, पेशी किस्सा सांगतोय, सगळे खदखदून हसताहेत. एक जण सहज त्याला म्हणतो, तू भारी मजेशीर आहेस. पेशी थांबतो. मजेशीर म्हणजे कसा, असं शांतपणे विचारतो. पुन्हा विचारतो. इथे स्कॉर्सेसीने कॅमेरा पेशीच्या चेहऱ्याला नेऊन भिडवलेला नाही, थोडा मागेच ठेवलाय. त्यामुळे आजूबाजूला बसलेले दिसत राहतात. एकाचं हसू ओठांवरच अडकतं, दुसरा नजर खाली घालतो, कुणीतरी सावरून बसतो. भीती आपल्याला कळते ती त्या बाजूच्या माणसांवरून. हा प्रसंग मोबाइलवर बघणाऱ्याला त्यातलं काय दिसणार? ते चेहरे तिथे नखाएवढेही उरत नाहीत. पेशीला या भूमिकेसाठी ऑस्कर मिळालं तेव्हा दोन छोट्या वाक्यांत आभार मानून तो मंचावरून उतरला होता. असा माणूस उगाच परत येत नाही.

आता वयाबद्दल. गुंडपटातला गुंड सहसा म्हातारा होत नाही. चढतो, माजतो आणि गोळी खाऊन पडतो. दोन-अडीच तासांत हिशोब मिटतो आणि आपण घरी जातो. 'द आयरिशमन' ज्याच्यावर आहे तो गुन्हेगार टोळीतला फ्रँक शीरन (ही भूमिका डी नीरोची) मात्र २००३ साली, वयाच्या ८३ व्या वर्षी आजारपणात गेला. त्याचा टोळीतला वरिष्ठ रसेल बफलिनो, ज्याची भूमिका पेशी करतोय, तो नव्वदी गाठून गेला. म्हणजे ही माणसं केलेल्या कामांसकट जगली, निवृत्त झाली, त्यांचे गुडघे दुखले, बरोबरीचे एकेक करून गेले, आणि तोवर जे केलं ते डोक्यात होतंच. ही गोष्ट पस्तिशीच्या नटाला पांढरा विग चढवून सांगता येईल का? मला नाही वाटत. मेकअपने सुरकुत्या आणता येतात. खुर्चीतून उठण्यापूर्वी म्हातारा माणूस आधी मनाची तयारी करतो, ती कुठून आणणार?

यात उलटी अडचणही आहे, आणि टीकाकार तिच्यावरच बोट ठेवताहेत. कथा अनेक दशकांची आहे, त्यामुळे याच नटांना तरुणही दाखवायचं आहे. 'गॉडफादर'च्या वेळी डॉनचं तरुणपण दाखवायला डी नीरो हा नवा पोरगा आणला होता. या वेळी डी नीरोचं तरुणपण दाखवायला स्कॉर्सेसीने दुसरा पोरगा आणला नाही. इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या कंपनीने त्यासाठी एकाऐवजी तीन कॅमेऱ्यांचा संच बनवला. मधल्या कॅमेऱ्याने नेहमीचं चित्रण करायचं, बाजूच्या दोघांनी चेहऱ्याची मापं टिपायची आणि मग संगणकावर वय उतरवायचं. नटांच्या तोंडावर ठिपके चिकटवायचे नाहीत, डोक्याला यंत्रं बांधायची नाहीत, अशी अट होती, कारण या वयाच्या माणसांना एकमेकांच्या डोळ्यांत बघून काम करायचं होतं. चेहऱ्याचं जमलं तरी शरीराचं काय? एका प्रसंगात पचिनोला ४९ वर्षांच्या माणसासारखं खुर्चीतून ताडकन उठायचं होतं आणि तो उठला त्याच्या खऱ्या वयाप्रमाणे. उठण्या-चालण्यातलं वय सांभाळायला एक माणूस खास नेमलेला होता. प्रसंग पुन्हा घ्यावा लागला. ट्रेलरमध्ये तरुण डी नीरोचा चेहरा मलाही थोडा गुळगुळीत वाटला. असू दे. माझी पैज शेवटच्या तासावर आहे, जिथे त्यांना वय लपवायची गरज नाही.

आमच्या धंद्यातल्या माणसांनी हा सिनेमा बघावा याला आणखी एक कारण आहे. पचिनो जिमी हॉफाची भूमिका करतोय. हा अमेरिकेतल्या टीमस्टर्स या ट्रकवाल्यांच्या युनियनचा १९५७ ते १९७१ पर्यंतचा अध्यक्ष. तरुणपणी डेट्रॉइटच्या एका गोदामात तो मालाची चढउतार करायचा. ताज्या स्ट्रॉबेरीचा माल आला तेव्हा त्याने आणि त्याच्या जोडीदारांनी काम थांबवलं. माल तासाभरात नासायला लागतो, त्यामुळे मालकाला बोलणी करावीच लागली. मालाचं वजन नाही तर मालाचं आयुष्य बघून संपाची वेळ धरायची, हे आमच्या बंदरावरच्या किंवा वाशीच्या फळबाजारातल्या कुठल्याही माथाडी मुकादमाला समजावून सांगावं लागणार नाही. पुढे १९६४ मध्ये याच हॉफाने देशभरातल्या चार लाखांहून अधिक ट्रकचालकांना एकाच कराराखाली आणलं. हाच माणूस गुन्हेगार टोळ्यांशी संबंध ठेवून होता, युनियनच्या पेन्शन फंडाचे पैसे वाटेल तसे वापरले म्हणून दोषी ठरला, तुरुंगातही गेला. आणि ३० जुलै १९७५ च्या दुपारी डेट्रॉइटजवळच्या एका रेस्टॉरंटच्या आवारातून नाहीसा झाला. आजतागायत त्याचा मृतदेह मिळालेला नाही.

आपणच त्याला मारलं, असं शीरनने वकील चार्ल्स ब्रँटला सांगितलं आणि त्यावर २००४ साली पुस्तक आलं. तो दावा अनेक जाणकारांना मान्य नाही. मलाही तो सगळाच्या सगळा पटत नाही. पण सिनेमा म्हणजे पोलिसांचा पंचनामा नव्हे. ट्रकवाल्यांचं भलं करणारा आणि त्यांच्याच पैशाला हात लावणारा हा एकच माणूस होता. तो पचिनो कसा उभा करतो, हे मला बघायचं आहे. मालधक्क्यावर आयुष्य काढलेल्या माणसाला असे पुढारी परके नाहीत.

म्हणूनच हा सिनेमा घरात, मध्येच दाराची बेल वाजते आहे, कुकरच्या शिट्ट्या होताहेत, अशा गडबडीत बघणं मला मान्य नाही. त्याची लांबी २०९ मिनिटं आहे, म्हणजे साडेतीन तासांना एक मिनिट कमी. लोक तो तुकड्यातुकड्यांत बघणार, अर्धा आज, अर्धा रविवारी. थेल्मा शूनमेकरने त्याचं संकलन केलंय. १९८०च्या 'रेजिंग बुल'पासून स्कॉर्सेसीचे सगळे कथापट तिनेच कापले आहेत. एवढ्या हाताने बांधलेली लय अशी मोडायची?

नेटफ्लिक्सला मी दोष देत नाही. सुमारे १६ कोटी डॉलरचा हा खर्च हॉलिवूडच्या जुन्या स्टुडिओने उचलला नाही, तो नेटफ्लिक्सने उचलला. तसं झालं नसतं तर सिनेमाच झाला नसता. अमेरिकेत १ नोव्हेंबरपासून तो निवडक थिएटरांत लागलाही आहे. तिथल्या मोठ्या साखळ्यांनी, नेटफ्लिक्सवर येण्याआधी जास्त दिवस द्या, असा हट्ट धरून तो नाकारला. तर न्यूयॉर्कमध्ये ब्रॉडवेवरच्या बेलास्को या शंभरी ओलांडलेल्या नाट्यगृहात पडदा लावून खेळ चालू केले. तिथे यापूर्वी सिनेमा कधी दाखवलाच नव्हता म्हणे. इच्छा असली की जागा मिळते. आपल्याकडे तर गावोगाव नाट्यगृहं आहेत आणि आठवड्यातल्या मधल्या दिवशी त्यातली कितीतरी रिकामी असतात.

आपल्या वृत्तपत्रामार्फत माझी दोन ठिकाणी विनंती आहे. पहिली, नेटफ्लिक्सच्या मुंबईतल्या मंडळींना. २७ तारखेच्या आधी किंवा नंतर, मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, कोल्हापूर इथे एकेका पडद्यावर निदान आठवडाभर हा सिनेमा लावा. तिकिटाचे योग्य पैसे द्यायला आम्ही तयार आहोत, आणि त्याने तुमचं वर्गणीदारांचं गिऱ्हाईक तुटणार नाही. दुसरी, फिल्म सोसायट्यांना आणि महोत्सव भरवणाऱ्यांना. मुंबईच्या 'प्रभात चित्र मंडळा'ने, पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने आणि याच महिन्यात गोव्यात भरणाऱ्या इफ्फीने या सिनेमाच्या खेळासाठी परवानगी मागावी. मागितल्याशिवाय कोण देणार?

साडेतीन तासांत एक मध्यंतर ठेवावं, ही एक सूचना. साठी ओलांडलेला प्रेक्षक मोठ्या संख्येने येईल, त्यांची तेवढी सोय बघावी. खेळ दुपारचे ठेवले तर डोंबिवली-कल्याणहून येणाऱ्यांना परतीची गाडीही गर्दीच्या आधी मिळेल.

आपला,
एक जुना वाचक, डोंबिवली (पूर्व)