आंजर्ल्याच्या खाडीतल्या काकींना

काकी,

तुम्ही मोबाइलवर वाचत नाही हे मला माहीत आहे. नातू वाचून दाखवेल, असं तुम्हीच म्हणाला होतात, म्हणून लिहिते आहे. तुमचं नाव मुद्दाम घालत नाही. खाडीत तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढायला उतरणाऱ्या बायकांना कळेलच हे कुणाबद्दल आहे ते.

तो दिवस पौष शुद्ध त्रयोदशीचा. तारीख कदाचित विसरेन, तिथी विसरणार नाही.

सकाळी पावणेआठच्या सुमारास मी खाडीच्या तोंडाशी, वाळूच्या पट्ट्यावरून ड्रोन उडवला. ड्रोन माझा नव्हता, धाकट्या बहिणीचा होता. तिने पहिल्या नोकरीच्या पगारातून महिन्यामहिन्याला बाजूला काढून घेतलेला, २४९ ग्रॅमचा, घडी केली की तळहातावर मावणारा. फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, त्यामुळे गेला तर दुकानात जाऊन तसाच दुसरा आणू, असंही नव्हतं. आणि आतलं कार्ड तर कुठल्याच दुकानात मिळालं नसतं. त्यावर तीन दिवसांचं चित्रण होतं, माझ्या बाबांसाठी केलेलं. बाबा आंजर्ल्यात वाढले. पूल नव्हता तेव्हा तरीतून खाडी ओलांडायचे. आता आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं, डोंबिवलीच्या बाहेर पडणं होत नाही. कड्यावरच्या गणपतीच्या पायऱ्या, सुरूचं बन, होड्या ओढून ठेवतात ती जागा, सगळं त्यांना वरून दाखवायचं होतं. ते चित्रण रोज रात्री लॅपटॉपवर उतरवून घ्यायला हवं होतं. मी घेतलं नव्हतं.

त्या वेळी वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहत होता. मतलई वारा. शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे आम्ही सगळ्यांनीच पाठ केलेत. पण वाऱ्याला पाठीशी घेऊन ड्रोन भराभर समुद्राकडे निघाला, तेव्हा मला वाटलं आज फारच छान उडतोय. फिरवला, तेव्हा तोच वारा तोंडावर आला. बॅटरी उतरत चालली तसा तो आपोआप घरी परतायला लागला. पण परतण्याआधी तो ठरवून दिलेल्या उंचीवर चढतो, आणि ती उंची मी शंभर मीटर ठेवली होती. वर वारा आणखी जोराचा. पाण्यापासून पंधरा-वीस मीटरवरून हाताने आणला असता तर बहुतेक काठाला लागला असता. तो जागच्या जागी धापा टाकतोय असं स्क्रीनवर दिसत होतं. खाडीच्या तोंडातून कसाबसा आत आला आणि बॅटरी अगदी तळाला गेल्यावर सरळ खाली उतरू लागला. खाली जमीन आहे की पाणी, याचा विचार तो करत नाही. तशा उतरतानाही त्याला पुढे ढकलता येतं, वर रेटून उतरणं लांबवता येतं, हे मला नंतर कळलं. तेव्हा मी दोन्ही हात नुसते घट्ट धरून उभी होते. स्क्रीनवर पाणी मोठं होत गेलं आणि चित्र थांबलं.

काकी, हे मला आधी कुणीतरी सांगू शकलं असतं. ज्या दुकानदाराने बहिणीला ड्रोन विकला तो म्हणाला होता, "बटण दाबलं की घरी येतो, काळजीच नाही." मी पैसे भरून अर्ध्या दिवसाचा शिकवणीवर्ग केला, तिथे मैदानावर गोल गोल फिरवायला लावलं आणि पाण्याबद्दल एकच वाक्य सांगितलं: पाण्यावर जपून. जपून म्हणजे काय? वाऱ्याचं कुणी बोललं नाही. परतीच्या उंचीचं कुणी बोललं नाही. पाण्यावर खाली उडवलं तर पोटाखालचे सेन्सर फसतात, हेही नाही. खालच्या जमिनीवरची नक्षी बघून ड्रोन एका जागी स्थिर राहतो; पाण्यावर ती नक्षीच हलत असते, म्हणून तोही तिच्यामागे वाहवत जातो, कधी नकळत खाली येतो. हे सांगायला दोन मिनिटं लागतात. त्या लोकांनी पैसे घेतले आणि ती दोन मिनिटं दिली नाहीत, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

काठावर पाच-सहा जण जमले. प्रत्येकाने पहिला प्रश्न एकच विचारला: "केवढ्याचा होता?" एकाने माझा रडतानाचा व्हिडिओ काढला. एका होडीवाल्याने चार हजार सांगितले आणि सापडला नाही तरी पैसे द्यावे लागतील म्हणाला. मी द्यायला तयार झाले होते. तेवढ्यात तुम्ही टोपली घेऊन वरच्या वाटेने आलात आणि विचारलंत, "पडला तेव्हा पाणी कुणीकडे ओढत होतं गो?"

किंमत नाही. पाणी कुणीकडे ओढत होतं.

मला सांगता येईना. तुम्ही मग किती वाजता पडला ते विचारलंत, बोटांवर हिशेब केलात आणि म्हणालात की आज तेरस, तेराची पाऊणपट म्हणजे पावणेदहा, पावणेदहाला भरती भरणार. आठला पडला म्हणजे पाणी आत चढत होतं. तेव्हा पडला तिथे शोधू नको, पुलाच्या अंगाला शोध. पुनव जवळ आलीय, उधाणाचं पाणी आहे, चारच्या सुमाराला चांगलं लांबवर सुकेल. तेव्हा ये. आता घरी जा आणि काहीतरी खा.

माझ्या मोबाइलवर ड्रोनची शेवटची जागा दिसत होती, अक्षांश-रेखांशासकट. होडीवाला तिथेच गळ टाकणार होता. तुम्ही त्या टिंबाकडे बघितलंत, मान हलवलीत आणि हाताने त्याच्या बरंच आतलं ठिकाण दाखवलंत, तिवरांच्या अलीकडचं.

साडेतीनला आले तर तुम्ही आधीच चिखलात होतात. सकाळी पुरुषभर पाणी होतं तिथे आता घोट्याएवढंही नव्हतं. तिसऱ्या काढता काढता पायाने चाचपत तुम्ही पुढे सरकत होतात, मी मागे. माझा पाय रुतत होता, तुमचा रुतत नव्हता. चार वाजून गेले होते. तुम्ही थांबलात, वाकलात आणि चिखलातून काळा गोळा वर काढलात. एक पंखा मोडलेला. बाकी सगळा जागेवर.

आता खरं जे सांगायचंय ते.

मी तो तुमच्या हातातून जवळजवळ ओढून घेतला आणि चालू करायला बटणावर अंगठा ठेवला. तुम्ही माझं मनगट धरलंत. "बुडालेलं इंजिन कधी लगेच चालू करतात काय? आधी गोड्या पाण्याने धुवायचं. खारं सुकलं की खातं." मग कमरेला बांधलेली बाटली सोडलीत. प्यायच्या पाण्याची, लिटरभराची, अर्ध्याहून थोडं जास्त पाणी उरलेलं. तासाहून अधिक वेळ तुम्ही उन्हात चिखलात होतात आणि घर तिथून लांब. माझ्याकडे पाणी नव्हतं, मी ते आणायचा विचारसुद्धा केला नव्हता. तुम्ही उकिडव्या बसलात, मला बॅटरी काढायला लावलीत आणि मोटरींच्या फटींत थोडं थोडं पाणी सोडत, ड्रोन कलता करत, फुंकर घालत धुतलात. अंघोळीनंतर बाळाच्या कानातलं पाणी टिपतात ना, तसं. चिखल गेला तरी थांबला नाहीत. मी म्हटलं, काकी, राहू दे, तुम्हाला प्यायला ठेवा. तुम्ही ऐकलंच नाहीत. शेवटचा घोट कार्डाच्या खाचेत ओतलात. मग पदराच्या कोरड्या टोकाने पुसून माझ्या हातात दिलात, बाटलीचं बूच लावलंत आणि टोपली डोक्यावर घेतलीत.

वर रस्त्यापर्यंत आपण एकत्र आलो. तुमचे ओठ सुकलेले मला तेव्हा दिसले. टपरी बंद होती. पैसे पुढे केले तर तुम्ही "आमच्याकडं पाण्याचे पैसे घेत नाहीत" एवढंच म्हणालात आणि निघालात.

ती रिकामी बाटली माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. हा चेंडू-फळीसारखा एक खेळ आहे, कुणाचा जीव गेलेला नव्हता. तुमच्या दृष्टीने ते शहरातून आलेल्या पोरीचं एक महागडं खेळणंच होतं. तरी तुम्ही त्याला होडीच्या इंजिनाइतका मान दिलात, कारण दुसऱ्याचं ते आपल्यासारखंच कष्टाचं असणार, एवढं तुम्ही धरून चाललात. अशी माणसं मला आधीही भेटली आहेत: डायलिसिसच्या खोलीबाहेर स्वतःचा डबा अर्धा करून देणारा वॉर्डबॉय, पावसात रिक्षा थांबवून बाबांना इमारतीच्या दारापर्यंत हाताला धरून नेणारा रिक्षावाला. त्यांच्यातलं कुणीही आधी किंमत विचारत नाही. मला अशा माणसांमध्ये राहायचं आहे, आणि तशी व्हायचं आहे.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण तुम्ही निघताना "कळव" म्हणाला होतात. ड्रोन पुन्हा उडला नाही. दुरुस्तीकेंद्राने पाण्याने झालेलं नुकसान हमीत बसत नाही म्हणून परत पाठवला. बॅटरी मी पुन्हा चार्ज केली नाही. खारं पाणी शिरलेली लिथियमची बॅटरी पेट घेऊ शकते, म्हणून घराबाहेर उघड्यावर ठेवली आणि नंतर ई-कचऱ्यात दिली. बहिणीला खरं सांगितलं. ती गप्प राहिली आणि मग तुमच्याबद्दलच विचारत बसली.

पण कार्ड चाललं, काकी. दोन दिवस वाळवून लावलं आणि सगळं उघडलं.

गेल्या महिन्यात मैत्रिणीने तिचा ड्रोन माझ्या हातात दिला, एका तळ्यावर. मी आधी थोडा वर चढवून त्याला नुसता थांबवला आणि वारा कुठून ढकलतोय ते बघितलं. मग वाऱ्याच्या तोंडावर आधी गेले, म्हणजे येताना वारा पाठीशी. बॅटरी निम्मी झाली तशी फिरले. पाण्यापासून चार मीटरच्या खाली आणला नाही. एक घार घिरट्या घालायला लागली तसा काठावर आणून उतरवला. आपल्या टापूत घुसलेल्या ड्रोनवर त्या झडप घालतात. मैत्रिणीला पुढे होडीवरून उडवायचं होतं. तिला सांगितलं, ड्रोन जिथून उठला ती जागा घर म्हणून लक्षात ठेवतो. होडी पुढे गेली की ते घर पाण्यात राहतं आणि परत बोलावलेला ड्रोन तिथेच उतरतो. घराची जागा बदलल्याशिवाय उडवू नकोस. हे सांगायला मला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. आणि पाठीवरच्या पिशवीत दोन लिटर गोडं पाणी होतं. आता ते असतंच.

बाबांनी चित्रण तीनदा पाहिलं. तिसऱ्यांदा एका जागी थांबवायला सांगितलं. आदल्या दिवशी दुपारच्या ओहोटीला मी पुलाच्या बाजूने जे घेतलं होतं, त्यात चिखलावर वाकलेल्या चार-पाच बायका दिसतात, अगदी छोट्या. बाबा एका ठिपक्यावर बोट ठेवून म्हणाले, "ही हिरव्या लुगड्यातली बघ, किती सरळ रेषेत चालतेय. हिला खाडी पाठ आहे."

काकी, त्या दिवशी तुम्ही हिरवंच नेसला होतात का? चैत्रात येते, तेव्हा ते दाखवते. पुनवेच्या आसपास येईन, म्हणजे ओहोटीला तुमच्याबरोबर उतरता येईल.

तुमची,
डोंबिवलीची पोर