पुस्तिकांनाही विषय हवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जुन्या पुस्तिका स्कॅन केल्या की त्या कायमच्या सुरक्षित झाल्या, असा समज अलीकडे बळावत चालला आहे. या समजुतीत एक मोठी उणीव आहे. पुस्तिका कोणत्या विषयाखाली शोधायची हे कुठेच नोंदलेले नसेल, तर ती कपाटात असली काय आणि संगणकात असली काय, वाचकाच्या हाती लागत नाही. ग्रंथालयांतले वर्गीकरणाचे आणि तालिकीकरणाचे (ग्रंथांची तालिका, म्हणजे सूची, करण्याचे) काम जवळून माहीत असल्याने याबद्दल थोडे तपशिलात लिहीत आहोत.

युनेस्कोने १९६४ साली पुस्तिकेची व्याख्या ठरवली, ती अशी: मुखपृष्ठे वगळून कमीत कमी ५ आणि जास्तीत जास्त ४८ पृष्ठे. ४९ वे पृष्ठ आले की ते पुस्तक. ग्रंथांना विषयाप्रमाणे क्रमांक देणाऱ्या, अमेरिकन ग्रंथपाल मेल्विल ड्यूई यांच्या दशांश वर्गीकरणाची पहिली आवृत्ती १८७६ साली निघाली, ती अवघ्या ४४ पृष्ठांची होती. म्हणजे या व्याख्येप्रमाणे ती पुस्तिकाच. तिच्या लांबलचक शीर्षकात 'पुस्तके आणि पुस्तिका' असे दोन्ही शब्द आहेत. पुस्तिकेला विषयाचा क्रमांक द्यायचा, हे त्या पद्धतीत पहिल्या दिवसापासून गृहीत होते.

मग घोटाळा कुठे झाला? बांधणीत. पातळ पुस्तिका रॅकवर उभी राहत नाही, वाकते, दोन जाड ग्रंथांच्या मध्ये सरकून दिसेनाशी होते. म्हणून एकाच आकाराच्या पंधरा-वीस पुस्तिका एकत्र शिवून खंड करण्याची रीत पडली. आकार जुळला, विषय जुळण्याचे कारण नव्हते. पाठीवर 'संकीर्ण, भाग ७' असे उमटले आणि तालिकेत नोंद झाली ती फक्त पहिल्या पुस्तिकेची. पहिली पुस्तिका विहिरींवर असेल, तर तिच्यामागे शिवलेली विणकामावरची, भूमितीवरची, साथीच्या रोगावरची अशा सगळ्या पुस्तिका विषयाने शोधणाऱ्याला बंद झाल्या.

लंडनचे पुस्तकविक्रेते जॉर्ज थॉमसन यांनी १६४० ते १६६१ या काळात सुमारे २२,००० पुस्तिका आणि बातमीपत्रे जमवली. पुष्कळ पुस्तिकांवर त्यांनी हाताने तारीख घातली, आणि आकार व तारखेच्या क्रमाने खंड बांधले. हा संग्रह आज ब्रिटिश लायब्ररीत आहे. अमुक महिन्यात काय छापले जात होते, हे त्यातून विलक्षण बारकाईने कळते. अमुक विषयावर काय छापले गेले, हे मात्र खंडांच्या क्रमावरून कळत नाही. त्यासाठी विषयाची वेगळी सूची लागते.

वाचकाने अशा संग्रहात शिरावे कसे? सुरुवात एका चांगल्या संशोधनग्रंथापासून करावी. तालिकेत त्याची नोंद काढावी, वर्गांक (विषयाचा क्रमांक) आणि दिलेली विषयशीर्षके (विषयासाठी तालिकेत ठरवलेले शब्द) उतरवून घ्यावीत, आणि पुढचा शोध त्या शीर्षकांनी घ्यावा. स्वतःला सुचलेल्या शब्दांवर थांबू नये. ग्रंथाच्या तळटीपा नीट पाहाव्यात, कारण पुस्तिकांचा सर्वांत भरवशाचा माग तिथेच लागतो. मग कपाटाकडे जावे. भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी विषयानुसार लावलेल्या ग्रंथांची रचना सावलीच्या उपमेने समजावली आहे: मधोमध विषयाची गडद छाया, दोन्ही बाजूंना जवळच्या विषयांची उपछाया आणि त्यापलीकडे परके विषय. नेमका वर्गांक गाठून तिथूनच परतणारा वाचक उपछाया पाहतच नाही, आणि अनपेक्षित गोष्टी बहुतेक वेळा त्या पट्ट्यात असतात.

एक विषय एकाच जागी असतो, ही समजूतही सोडावी. ड्यूई पद्धत ज्ञानशाखेप्रमाणे विभागते. पाणी हा विषय धरला, तर जलसंपत्तीचे अर्थकारण ३३३.९१ मध्ये, जलविज्ञान ५५१.४८ मध्ये आणि पाणीपुरवठ्याचे अभियांत्रिकी अंग ६२८.१ मध्ये जाते. या तीन जागा तीन वेगळ्या दालनांतही असू शकतात. वर्गीकरणाच्या ग्रंथाला जोडलेली सापेक्ष सूची अशा विखुरलेल्या जागा एका शब्दाखाली एकत्र दाखवते. ती ग्रंथपालांकडे मागावी, पाच मिनिटांचे काम असते.

वर्गांक काळाबरोबर बदलतात, हेही ध्यानात ठेवावे. स्त्रियांविषयीचे ग्रंथ ड्यूईच्या जुन्या आवृत्त्यांत ३९६ मध्ये होते, नंतर ३०१.४१२ मध्ये गेले आणि आता ३०५.४ मध्ये आहेत. संगणकाचे विषय १९८५ मध्ये ००१.६ वरून ००४ वर आले. जुन्या ग्रंथांवरच्या क्रमांकाच्या चिठ्ठ्या बदलायला मनुष्यबळ मिळतेच असे नाही, त्यामुळे एकाच विषयाचे जुने आणि नवे ग्रंथ वेगवेगळ्या कपाटांत राहतात. जुनी पुस्तिका हवी असेल, तर जुन्या क्रमांकावर जावे.

शब्दांचेही तेच. लसीकरणावरची जुनी पुस्तिका 'देवी काढणे' या नावाखाली असू शकते. कॉलऱ्यासाठी पटकी, महामारी, जरीमरी हे शब्द घालून पाहावेत, क्षयासाठी राजयक्ष्मा. जुन्या छापील शीर्षकांत 'कांहीं', 'नाहीं' असे अनुस्वार असतात. नोंद करणाऱ्याने ते तसेच ठेवले असतील, तर आजच्या लेखनाने शोधल्यावर संगणक काहीच दाखवत नाही. म्हणून तालिकेत एका शब्दाकडून दुसऱ्याकडे नेणारे 'पाहा' आणि 'हेही पाहा' असे निर्देश लागतात. तालिका कार्डांवर असे त्या काळात ते असत. कार्डे संगणकावर चढवताना अनेकदा पहिल्यांदा गळतात ते हेच निर्देश.

कपाटांपर्यंत जाऊ देत नसतील, तर शेल्फ लिस्ट मागावी. तिच्यात नोंदी वर्गांकाच्या क्रमाने असतात आणि बसल्या जागी कपाट चाळल्यासारखे होते. तीही नसेल, तर दाखलनोंदवही, म्हणजे ग्रंथालयात आलेल्या ग्रंथांची क्रमाने नोंद असलेली वही. पुस्तिका बांधण्यापूर्वी एकेक करून दाखल झालेल्या असल्या, तर तालिकेत नसलेले नाव त्या वहीत सापडते. बांधीव खंड हातात आल्यावर आतला कोरा कागद आधी पाहावा, कारण काही खंडांत तिथे शाईने अनुक्रमणिका लिहिलेली असते.

खंड उघडताना घाई नको. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर लाकडाच्या लगद्याचा कागद आला, त्याला तुरटी आणि राळेची खळ दिली जाई. त्यातून तयार होणारे आम्ल कागदाचे तंतू तोडते. कडा तपकिरी होतात, पान वाकवले की कोपरा तुटून हातात येतो. असा खंड पूर्ण उताणा पाडू नये, दोन्ही पुठ्ठ्यांखाली आधार देऊन जेमतेम उघडावा. पान वरच्या कोपऱ्याकडून उलटावे. टिपणे पेन्सिलीने. झेरॉक्सच्या काचेवर दाबला, तर शिवण आणि पाठ दोन्ही जातात.

आता ग्रंथालयांविषयी. आमची मागणी एकच आहे: बांधीव खंडातल्या प्रत्येक पुस्तिकेची स्वतंत्र नोंद व्हावी. त्यासाठी मोठा खर्चिक प्रकल्प उभारावा लागत नाही. शीर्षक, लेखक किंवा प्रकाशित करणारी संस्था, स्थळ, छापखाना, वर्ष, पृष्ठसंख्या, किमान दोन विषयशीर्षके आणि खंडातले स्थान ('संकीर्ण ७/१२' असे) एवढे पुरे. मार्क पद्धतीत (संगणकावर ग्रंथांची नोंद करण्याच्या ठरीव साच्यात) विषयासाठी ६५० हे क्षेत्र आहे आणि मूळ खंडाशी जोडण्यासाठी ७७३. सगळी शीर्षके ५०५ या अनुक्रमणिकेच्या क्षेत्रात एकापुढे एक लिहून मोकळे होणे हा आडमार्ग आहे. शीर्षकातला शब्द सापडतो, विषय सापडत नाही. संस्थेचे नाव तर कधीच गाळू नये, कारण अनेक पुस्तिकांवर लेखकाचे नाव नसतेच.

वर्ष नसले, तर शून्य टाकून पुढे जाऊ नये. छापखान्याचा पत्ता, मागच्या जाहिराती, दाखल झाल्याचा शिक्का यांवरून अंदाज बांधता येतो. शिक्क्यावरच्या तारखेनंतर ती पुस्तिका छापलेली असणे शक्य नाही, एवढे तरी नक्की कळते. असे वर्ष चौकटी कंसात, प्रश्नचिन्हासह द्यावे. इथेच जुन्या बांधणीने केलेले नुकसान डोळ्यांत भरते: बांधताना मुखपृष्ठे काढून टाकलेली असतात, आणि पुस्तिकेचे वर्ष, किंमत, प्रकाशक पुष्कळदा फक्त मुखपृष्ठावरच छापलेले असतात. यापुढे बांधणीला देताना 'मुखपृष्ठे ठेवावीत, कडा कापू नयेत' असे चिठ्ठीवर लिहून द्यावे.

सुट्या पुस्तिका पुन्हा खंडात बांधूच नयेत. गंजलेली पिन ओढून काढू नये. मागचे दोन पाय पातळ बोथट पातीने सरळ करावेत, मग ती अलगद निघते. जुन्याच भोकांतून सुती दोऱ्याने शिवावे, आम्लरहित पाकिटात घालून पेटीत उभे ठेवावे. पेटी अर्धी रिकामी राहिली, तर पुस्तिका वाकतात, म्हणून मागे पुठ्ठा द्यावा. चिकटपट्टी कुठेही नको, तिचा डिंक पिवळा पडून कागदात मुरतो.

स्कॅनिंग जरूर करावे, ३०० ते ४०० डीपीआयने, मुखपृष्ठे आणि मलपृष्ठेही धरून. पण सबंध खंडाची एकच फाइल करून तिला पहिल्या पुस्तिकेचे नाव देऊ नये. जुन्या खिळ्यांच्या छपाईतली जोडाक्षरे आणि पुसट मात्रा यंत्राला नीट वाचता येत नाहीत, त्यामुळे मजकुरातला शब्दशोध तिथे तोकडा पडतो आणि माणसाने दिलेले विषयशीर्षकच कामी येते. प्रत्येक पुस्तिकेची फाइल वेगळी करावी, आणि नावात खंडाचा व पुस्तिकेचा क्रमांक असावा, म्हणजे पडद्यावरून मूळ प्रतीपर्यंत परत जाता येईल.

आपले,
तालिकीकरण व वर्गीकरणाचे काम करणारे काही ग्रंथालय कर्मचारी