गाडी रंगवायला टाकण्याआधी पांढरं फडकं फिरवा

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

उन्हाने रंग उडालेली जुनी गाडी सगळी नव्याने रंगवण्यावाचून इलाज नाही, असं एका वाचकाने आपल्या चंदेरी गाडीवरून मागच्या आठवड्यात या सदरात लिहिलं होतं. दोन महिन्यांपूर्वी मलाही एका गॅरेजवाल्याने हेच सांगितलं. वर अठ्ठावीस हजारांचा आकडा. आणि हे सगळं गाडीला बोटही न लावता, दुकानाच्या ओट्यावर बसून!

गाडी माझ्या थोरल्या भावाची, २००३ची लाल मारुती ८००. दादा गेल्यापासून सहा वर्षं ती अंगणातल्या लिंबाखाली उभी होती. वरून झाडाचा चिकटा, साळुंक्यांची शिट, आणि दुपारनंतर सावली सरकली की थेट ऊन. परभणीचं मे महिन्यातलं ऊन परभणीकराला काय सांगायचं! टप आणि बॉनेट इतके खरबरीत झाले होते की हात फिरवला तर तळव्याला विटेचा भुगा लागल्यासारखं व्हायचं. पुतण्या म्हणाला, "काका, भंगारात द्या."

माझी नोकरी मातीच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून गेली. त्यामुळे भुगा हाताला लागला की तो कशाचा, हे बघितल्याशिवाय राहवत नाही. ओल्या पांढऱ्या बनियनचा तुकडा बॉनेटवर घासला, तर तो लालभडक झाला. मला त्यातच आशा दिसली. जुन्या साध्या रंगात रंग आणि चमक एकाच थरात असतात. उन्हाने वरच्या भागातलं, रंगाला धरून ठेवणारं द्रव्य मोडतं आणि रंगाची पूड मोकळी होऊन बसते. ती मेलेली पूड काढली की खाली जिवंत रंग असतो, अर्थात थर पुरेसा उरला असेल तर. हल्लीच्या गाड्यांवर मात्र रंगाच्या वर पारदर्शक थर असतो, क्लिअर कोट. तिथे फडक्यावर रंग येत नाही. हा थर साधारण ४०–५० मायक्रॉनचा, म्हणजे आपल्या डोक्याच्या केसापेक्षाही पातळ. तो कांद्याच्या पापुद्र्यासारखा सुटायला लागला असेल, तर कितीही घासा, परत येत नाही. त्या वाचकांची चंदेरी गाडी अशीच सोलली असेल, तर त्यांचं म्हणणं त्यांच्या गाडीपुरतं शंभर टक्के बरोबर आहे.

पहिलं काम धुण्याचं. ते मी दोन बादल्यांत केलं, एक साबणाची, एक फडकं खळबळायची. ज्या मराठवाड्यात २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे अर्धा तास नळी सोडून गाडी धुणाऱ्यांना माझा नमस्कार. कोरड्या फडक्याने धूळ झटकणं तर त्याहून वाईट. आपली काळी माती बोटाला मऊ लागते, पण तिच्यात चुनखडीची बारीक कच असते. रोज सकाळी तीच आपण रंगावर घासतो आणि मग उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे दिसले की कंपनीच्या नावाने बोटं मोडतो.

काचेवर आणि दारांवर पांढरे डाग होते. काचेवरचा एक ब्लेडने खरवडला आणि त्या पुडीवर जुन्या सवयीने सौम्य आम्लाचा थेंब टाकला. फसफसला! बोअरच्या पाण्याचा चुना, दुसरं काय. रंगावर अर्थातच ते आम्ल नाही, निम्मं पाणी घातलेलं व्हिनेगर वापरलं, तेही मिनिटभर, आणि लगेच धुऊन टाकलं. चिकट्याचे ठिपके तेवढ्याने निघेनात, तेव्हा दुकानातून 'क्ले' आणली. नाव ऐकून हसू आलं. आयुष्यभर क्ले म्हणजे दोन मायक्रॉनहून बारीक मातीचे कण, असं पोरांना सांगत आलो. ही निघाली कणकेच्या गोळ्यासारखी मळायची रबरी वडी. साबणाच्या पाण्याने पत्रा ओला ठेवून ती अलगद फिरवायची. एकदा खाली पडली की फेकून द्यायची, कारण कच तिच्यात रुतते आणि पुढे रंग कापते.

मग रबिंग कंपाउंड, म्हणजे मेलेला रंग घासून काढायची बारीक खरखरीत पेस्ट. नऊ दिवस, रोज सकाळी सहा ते आठ, दीड-दीड फुटाचा चौकोन धरून हातानेच घासलं. पत्रा तापला की कंपाउंड वाळून चिकटतं, म्हणून आठनंतर बंद. बफिंग मशीन, म्हणजे घासून चमक आणायचं फिरतं यंत्र, पुतण्या आणून देत होता, मी नको म्हटलं. नवख्या हातात ते एका जागी क्षणभर रेंगाळलं तरी रंग जाळतं. एवढी अक्कल पाजळूनही चूक झालीच. सहाव्या दिवशी बॉनेटच्या कडेला जरा जोर लावला आणि खालचा राखाडी प्रायमर उघडा पडला. कडेवर रंग सगळ्यात पातळ असतो. आधी तिथे कागदी टेप लावायची असते, हे मला नंतर कळलं. नखाला अडकतात ते ओरखडेही मी तसेच सोडले. ते घासून काढायचे म्हणजे रंगच संपवायचा.

शेवटी पॉलिश आणि वर मेणाचा एक हात. सगळं सामान अकराशे रुपयांत आलं. ओसरीतली ट्यूबलाइट आता बॉनेटमध्ये कडेसकट सरळ दिसते. टप तेवढा उजळला नाही, लाल आहे पण फिकट. मेण दर दोन-तीन महिन्यांनी परत लावावं लागेल, नाहीतर ऊन आहेच.

गॅरेजवाल्यांना एवढंच सांगणं, की आकडा सांगण्याआधी गिऱ्हाइकासमोर एकदा पांढरं फडकं फिरवून दाखवा. रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र मिळतं. ते असेल तर बॉनेटला, टपाला, दारांना लावा आणि आकडे अंदाजपत्रकावर लिहून द्या. मग रंगवायचं की घासायचं, ते आम्ही ठरवू.

कडेचा तो राखाडी डाग अजून तसाच आहे. शेजारचा पेंटर शंभर रुपयांत झाकून देतो म्हणालाय. मृगाआधी उरकायला हवं, गंज तिथूनच धरेल.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा मदतनीस, परभणी